बावीस कपांचं मशीन

३ जानेवारी, सकाळी ११.१०

कॉफीचं मशीन गेलं. आधी खोकलं, मग तळातून धूर, मग गप्प. चौदा महिने टिकलं. याला मशीन म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात.

नोंदीसाठी: आमच्या हॉलमध्ये ही हॉस्पिटलचे पांढरे कोट शिवून घेते. पाच जणी कामाला येतात. ही सहावी, मी सातवा. प्रत्येकी तीन कप, शिवाय माझा एक जादा, कारण जबाबदारी. रोज बावीस कप. हा घरगुती वापर नव्हे, हा लोड आहे. आणि लोड म्हणजे काय ते मला कळतं. लिफ्ट मेंटेनन्समध्ये एकवीस वर्षं सुपरवायझर होतो. माझ्या कारकिर्दीत एकही माणूस लिफ्टमध्ये पाऊण तासाच्या वर अडकला नाही.

ठराव: या वेळी घाई नाही. असं मशीन निवडायचं की पुढची पंधरा वर्षं त्याच्याकडे बघायला नको. मुदत: रविवार.

ही म्हणाली, "कोपऱ्यावरून साधंसं काहीतरी घेऊन या." मी नुसता हसलो. साधंसं आणलं म्हणूनच आज धूर निघाला. (आणलं मीच होतं. पण तेव्हा मी नुकताच रिटायर झालो होतो, मनःस्थिती ठीक नव्हती.)

तोपर्यंत कॉफी पातेल्यात करीन. तात्पुरती व्यवस्था.

५ जानेवारी

जाड पुठ्ठ्याची वही आणली. निकष काढले. हीटर, पंप, वायरची जाडी, झाकणाची बिजागरी, भांड्याचा कान, पाण्याच्या क्षाराने नळी कधी तुंबेल वगैरे. एकूण एकतीस. काचेचं भांडं पहिल्याच फेरीत बाद. ते ठेवायला खाली तापती प्लेट लागते आणि प्लेटवर अर्धा तास राहिलेली कॉफी डांबरासारखी होते. थर्माससारखं स्टीलचं भांडं हवं. एका दिवसात एवढी प्रगती.

मुलीचा फोन. म्हणाली, "बाबा, इंटरनेटवर लोकांची मतं वाचा आणि मोकळे व्हा." वाचली. एकाच मशीनबद्दल एक जण म्हणतो सात वर्षं चालतंय, दुसरा म्हणतो सातव्या दिवशी गळलं. दुसऱ्यानेही पाच तारे दिलेत, कारण खोका चांगला होता. असल्या लोकांच्या मतावर मी निर्णय घ्यायचा?

७ जानेवारी, रविवार

मुदत वाढवली. निकष आता सदतीस.

९ जानेवारी, दुपारी १

दुकानात जाऊन आलो. झाकण उघड-बंद चाचणी घेतली. तीनशे वेळा ठरवली होती. एकशे बाराव्या वेळी झाकण हातात आलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, तो डेमोचा पीस होता." मी म्हणालो, "मग दिला की त्याने डेमो." विनोद चांगला होता, दुकानदाराला झेपला नाही. त्याने मॅनेजरला हाक मारली. मला दुसरीकडे काम असल्यामुळे निघालो. मागच्या दाराने, कारण ते जवळ पडतं.

त्या दुकानात आता काही दिवस जाता येणार नाही. सर्व्हिस चांगली नाही त्यांची.

१२ जानेवारी

एका कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. बाई गोड बोलल्या. तीन वर्षांची वॉरंटी आहे म्हणाल्या.

मी विचारलं, "रोज बावीस कप केले तरी?"

"सर, घर आहे की ऑफिस?"

"घर."

"घरात किती माणसं?"

"दोन."

बाईंनी कपांचा आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाल्या, "सर, तब्येत सांभाळा." आणि वॉरंटी फक्त घरगुती वापराला आहे, हेही सांगितलं. मी त्यांना वापर आणि लोड यातला फरक समजावला. वीस मिनिटांनी लाइन कट झाली. त्यांच्याकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतो. तोही निकषात घातला.

१५ जानेवारी

पातेल्यातल्या कॉफीने नाकी नऊ आले. अकरा, दोन, साडेचार. उकळा, गाळा, ओता, ट्रे घेऊन जा, कप गोळा करा. अभ्यासाला वेळच मिळत नाही. तरी बायकांना माझ्या कामात रस आहे, एवढं खरं. ट्रे घेऊन गेलो की पाचही जणींचे हात थांबतात. कटिंगवाल्या मावशी सगळ्यांत जुन्या. त्या हमखास विचारतात, "काय भाऊ, ठरलं का मशीनचं?" मग मी हीटरच्या प्रकारांवर चार शब्द सांगतो. आज प्रेशर सांगितलं. इस्त्रीवाली इतकी गुंग झाली की इस्त्री तशीच टेबलावर राहिली. टेबलाचं कापड थोडं जळलं.

हिने नंतर स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, "एकतीस तारखेला तीनशे कोट द्यायचे आहेत. ट्रे ठेवला की लगेच निघत जा." थकलेली दिसते. मशीन आलं की हिचा केवढा भार कमी होईल! हे सगळं मी हिच्यासाठीच करतोय. तिला ते आत्ता कळत नाही.

१६ जानेवारी

मावशींनी कपात बघून विचारलं, "भाऊ, ही कॉफी आहे की कप विसळलेलं पाणी?" थट्टेखोर आहेत.

१९ जानेवारी

खालच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर राहतात. त्यांच्याकडे पितळी दांड्याचं, परदेशी, एस्प्रेसोचं मशीन आहे. दांड्याच्या टोकाला वाटी, तिच्यात कॉफीची पूड भरायची आणि दांडा फिरवून मशीनला बसवायचा. नऊ वर्षं झाली म्हणे. येता-जाता प्रत्येकाला दाखवतात. आज मलाही दाखवलं. मी विचारलं, दिवसाला किती कप? म्हणाले, दोन. मी म्हणालो, "म्हणजे डॉक्टर, हे मशीन अजून नवीनच आहे." ते दुखावले. म्हणाले, हे कितीही कप काढेल. मी म्हणालो, सिद्ध करू. शेवटी एका दिवसासाठी द्यायला तयार झाले. देताना दोन्ही हातांनी दिलं आणि दाराशी उभे राहून मी जिना चढेपर्यंत बघत होते. "दांडा हलक्या हाताने फिरवा," एवढंच चार वेळा सांगितलं.

ठराव: सोमवारी लोड टेस्ट. सलग साठ कप. निकाल काहीही लागो, त्यानंतर लगेच खरेदी.

२२ जानेवारी, दुपारी १२.४०

टेस्ट झाली.

घटनाक्रम लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. एवढा लोड घेणारा प्लग हॉलमध्ये एकच आहे, इस्त्रीच्या टेबलापाशी. ही कापड आणायला बाहेर गेली होती, म्हणून विचारता आलं नाही. इस्त्री काढली, मशीन लावलं. पहिले अकरा कप उत्तम. बाराव्याला दांड्याच्या कडेने वाफ निघायला लागली. गळती दिसली की घट्ट करायचं, ही एकवीस वर्षांची सवय. पाना आणला. मावशी म्हणाल्या, "भाऊ, नका हो." पण त्यांना कटिंगमधलं कळतं.

घट्ट केलं. वाफ थांबली. मी सगळ्यांना म्हणालो, "बघितलंत?"

मग दांडा उडाला.

माणसं सगळी सुखरूप. दांडा भिंतीला लागून खाली पडला. पण आतली कॉफी, चोथ्यासकट, इस्त्री करून घडी घालून ठेवलेल्या कोटांवर. टेबलावरच ठेवले होते. माझ्या मते ती जागाच चुकीची.

ही आली. पिशवी खाली ठेवली. एकेक कोट उचलून बघितला. मी सांगायला सुरुवात केली की डॉक्टरांच्या मशीनमध्ये मुळातच दोष होता. ती म्हणाली, "चौदा." बस, एवढंच. मग बादलीत गार पाणी भरायला गेली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं.

२३ जानेवारी

डॉक्टरांना मशीन परत केलं. दांडा वेगळा, कागदात गुंडाळून. टेस्टचा लेखी रिपोर्टही दिला. त्यांनी तो वाचला नाही. दार लावून घेतलं.

नऊ कोटांचे डाग निघाले. पाचांचे नाही.

२८ जानेवारी, रविवार

मावशी सुट्टीच्या दिवशी आल्या. ही आणि त्या मिळून पाच कोट पुन्हा बेततायत. मी मदत करतो म्हणालो. कामाचं वेळापत्रक करून दिलं, तासातासाचं. हिने तो कागद सरळ करून त्याच्यावर बाहीचा आकार काढला. कागद चांगला जाड होता.

दोन वेळा कॉफी नेली. दोन्ही वेळा गार झाली. बोलल्या एकमेकींशीच. मी बाजूला उभा राहून थर्मासच्या भांड्यांबद्दल एक-दोन मुद्दे मांडले. मशीनच्या आवाजात ऐकू गेले नसावेत.

निवड जवळजवळ झाली आहे. दोन मॉडेल उरलीत. पुढच्या आठवड्यात नक्की.

२९ जानेवारी, सकाळी ९.५०

मावशी कामाला आल्या त्या काखेत खोका घेऊन. मशीन. पाचही जणींनी मिळून आणलं म्हणे. वाटेत दुकान लागलं. तेच दुकान.

मी विचारलं, "कोणते निकष लावलेत?"

मावशी म्हणाल्या, "दुकानदाराला म्हटलं, आमच्याकडे सात जणं आहेत, दिवसभर पितात. तो म्हणाला, हे न्या. सुटे भाग मिळतात आणि वर्कशॉपात लावलं तरी दोन वर्षांची वॉरंटी. घेतलं."

काळं, बुटकं. एकच बटण. स्टीलचं भांडं, दहा कपांचं. खोका उघडल्यापासून अकराव्या मिनिटाला सगळ्यांच्या हातात कॉफी. ही म्हणाली, मीच आणणार होते आज. एक घोट घेतला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. मला वाटलं चक्कर आली. बरं वाटत होतं म्हणे.

माझ्या यादीत हे मशीन एकेचाळीसपैकी नऊ निकषांत पास होतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. लोकांना आत्ता उत्साह आहे. महिनाभरात माझ्याकडेच येतील.

३१ जानेवारी

तीनशे कोट वेळेवर गेले. हॉस्पिटलच्या बाईंनी हिला पुढची ऑर्डर तिथल्या तिथे दिली. मी हिला म्हणालो, शेवटी सगळं जमून आलं ना? ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. थकवा.

५ फेब्रुवारी

मशीन चालू आहे. रोज कपांची नोंद ठेवतोय. बिघाड झाला की आकडा उपयोगी पडेल.

नळीत क्षार साचले असतील, सफाई करून देतो म्हणालो. इस्त्रीवालीने शुक्रवारीच व्हिनेगर फिरवलं होतं. पुस्तिकेत लिहिलंय म्हणे. पुस्तिका वाचून मशीन चालवणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय.

९ फेब्रुवारी

मशीन चालू.

अकरा वाजता सवयीने ट्रे घेऊन हॉलमध्ये गेलो. सगळ्यांच्या हातात आधीच कप. जिने तिने आपापला भरून घेतलेला. कुणी शिवणं थांबवलं नाही. मी रिकामा ट्रे घेऊन दारात उभा. चष्मेवाली, काज करते ती, म्हणाली, "काका, जरा उजेड सोडा."

बाजूला झालो. दोन वाजता गेलो नाही. साडेचारला गेलो, ट्रेशिवाय. मशीनचं कुणी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

१२ फेब्रुवारी

दिवसभरात मला कोणी हाक मारली नाही. एकदा मारली असं वाटलं, धावत गेलो. मावशी म्हणत होत्या, "भाऊचं लग्न ठरलं." त्यांचा भाऊ.

कपांची नोंद थांबवली. वेळ फार जातो त्यात. वेळ आहे, पण ते तत्त्व नाही.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी ४.४५

ही आज आपणहून म्हणाली, "नुसत्या येरझारा घालू नका. बसा इथे." स्टूल दिलं, हॉलमध्ये, मावशींच्या शेजारी. मांडीवर कोट दिला. बटणं तपासायला सांगितली. क्वालिटी कंट्रोल. अखेर माझ्या अनुभवाची दखल घेतली गेली. उशीर झाला, पण ठीक.

प्रत्येक बटण ओढून बघितलं. सहा निघाली. मी तसा रिपोर्ट दिला. ही म्हणाली, तुम्ही ओढलीत म्हणून निघाली, आता लावा.

सुईत दोरा मावशींनी ओवून दिला. मला दिसत होतं, पण दोराच जाड होता. पहिलं बटण लावायला पंचवीस मिनिटं. मग वेग आला. सहाही लावली. मावशींनी शेजारून कोटाची कड उलटून बघितली आणि काही न बोलता पाच उसवली.

सहावं उसवायच्या आत साडेचार वाजले. सगळ्या उठून स्वयंपाकघरात कॉफी घ्यायला गेल्या. मीही उठायला गेलो, तर कोटही उठला. सहावं बटण कोटातून आरपार जाऊन माझ्या पँटला शिवलं गेलं होतं. पुन्हा बसलो.

हिने कॉफी जागेवर आणून दिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसली. मग कात्री आणायला गेली, ती अजून आलेली नाही. आत सगळ्या जणी हसतायत, ते इथपर्यंत ऐकू येतंय.

कॉफी चांगली आहे.