हेडविगआत्याचा ग्लोव्ह कोणाच्या हातात

मी, डार्लीन कोवालेक, वय ४४, प्राथमिक शाळेची ग्रंथपाल, राहणार केनोशा, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. सोमवारी माझ्या डोक्यातली गाठ काढणार आहेत. पुढे कोणी माझ्या शुद्धीवर शंका घेईल, म्हणून आज दुखण्याची गोळी न घेता लिहिते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

राहते घर व बँकेतील शिल्लक धाकटा भाऊ रेमंड यास द्यावी. आईचे शेवटचे दुखणे त्यानेच काढले. त्याचा तो हक्क आहे.

बेसबॉलची जुनी छायाचित्रे, खेळाडूंची कार्डे, सह्यांचे चेंडू आणि हेडविगआत्याचा कॅचरचा ग्लोव्ह, म्हणजे चेंडू झेलायचा जाड चामडी हातमोजा, मात्र शाळेला द्यावा. आत्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुलींच्या संघात स्कर्ट घालून खेळायची. धाव पुरी करायला जमिनीवरून घसरत जाताना मांड्या सोलवटायच्या. दर एप्रिलला मी दुसरीच्या मुलांना हे सांगते आणि ग्लोव्ह हातोहात फिरवते. हातात घातला की दुसऱ्या हाताने त्याच्या तळव्यात एक बुक्का मारायचा, हा आत्याचा नियम.

रेमंडला हे मान्य नाही. काल माझ्या स्वयंपाकघरात तो म्हणाला, "ताई, शेंबड्या पोरांच्या हाती देऊन वाट लावलीस ग्लोव्हची! काचेच्या पेटीत ठेव, नाहीतर मी कोर्टात जाईन. डोक्यात गाठ असलेल्या बाईचं कोण ऐकणार?"

त्याचे सगळेच चूक नाही. तळव्याशी चामडे विरत चालले आहे. वस्तू जपावी की वापरावी, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. पण गेल्या वर्षी लहानग्या रोझॅनने आत हात घातला आणि ती ओरडली, "बाई, आत गरम आहे! आत्याचा हात?"

"आत्याचा कुठला, माझा!" तिच्या आधी ग्लोव्ह घातलेला डेनिस म्हणाला. वर्ग खिदळला. रोझॅनने मात्र बराच वेळ हात बाहेर काढला नाही. काचेआड हे घडणार नाही.

म्हणून रेमंडने या कलमाविरुद्ध दावा लावल्यास घरही शाळेला जावे. हे वाक्य मी दोनदा खोडले. भावाला धाक घालणे मला शोभत नाही; पण त्याशिवाय तो थांबायचा नाही.

दावा न लावल्यास ग्लोव्ह वर्गात नेण्याचा पहिला मान रेमंडचा. आत्याने झेलायला त्यालाच शिकवले, मला कधीच नाही.

ग्लोव्ह एक दिवस फाटेल. ज्या मुलाच्या हातात फाटेल, त्याला कोणीही रागावू नये. रेमंड, तू तर नाहीच.

(सही) डार्लीन कोवालेक

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. आम्हांस यातून काही मिळणार नाही.
१. व्हर्जिल टोफ्ट, शेजारी
२. लॉरेटा टोफ्ट, शेजारी

केनोशा, शुक्रवार, ४ मार्च १९८८