खरी कॅप्सूल की पोकळ

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी सहाच अंगं टेकली, उरलेली दोन मनाने टेकली असं समज.) तुझा खोकला गेला का? भावजींना आता ऐकू येतं, की अजून सोयीपुरतंच?

लढाईहून आल्यापासून बावीस वर्षं अंगात मुरलेलं माझं दुखणं, तो थकवा, ती रुसलेली झोप, यांचं काय झालं म्हणून तू विचारलंस. तर ऐक. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा चाळीस माजी सैनिकांची चाचणी मांडली. सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल, बारा आठवडे. (तिला औषध म्हणायचं नाही, 'पूरक आहार' म्हणायचं. म्हटलं, बाई, आहार मला पुरतो, झोप पुरत नाही.) निम्म्यांना खरी, निम्म्यांना नुसत्या पिठाची, आणि कुणाला कोणती ते बाईंनाही ठाऊक नाही. रोज वहीत दुखण्याला दहापैकी आकडा द्यायचा.

शेजारच्या खुर्चीत बिनतारी असायचा (वायरलेसवाला, म्हणून फौजेत पडलेलं हे नाव). मी ट्रक हाकायचो त्याच तुकडीत तो संदेश पाठवायचा. आता त्याचे हात थरथरतात. आम्ही दोघांनी आपापली कॅप्सूल फोडून चाखली. दोन्ही सारख्याच आंबट! तेवढ्यात बाई आल्या. आमच्या मिशांना पिवळी पूड. "काका, हे काय वय आहे का असले उद्योग करायचं?" म्हणाल्या आणि आम्हाला नव्या कॅप्सूल समोर बसवून गिळायला लावल्या.

पाचव्या आठवड्यात रक्त देऊन खिडकीशी टेकलो. पायांवर ऊन आलं आणि डोळा लागला. स्वप्नात माझा तोच ट्रक, पण मागे ओझं नाही. चढ आला की रस्ताच मान खाली घालायचा. कडेला ढग चरत होते. झाडायच्या आणि गिळायच्या, दोन्ही प्रकारच्या गोळ्या थांबलेल्या. जागा झालो, तरंगत तीन मजले उतरलो आणि फाटकाशी आठवलं, काठी वरच राहिली. ती आणायला पुन्हा तीन मजले चढलो! काठी मांडीवर घेऊन बसलेला बिनतारी म्हणाला, "आता हिचं काय करायचं?" त्या दिवशी वहीत मी आकड्याऐवजी 'ढग' लिहिलं. बाईंनी पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मागच्या आठवड्यात चाचणी संपली. प्रत्येकाला बंद पाकीट मिळालं, आत उत्तर. बिनतारीनं तिथंच फोडलं. त्याची खरी होती. कागद मात्र त्याच्या हातात थरथरतच होता. "चला, एक आशा कमी झाली," म्हणून तो हसला. मला हसता येईना. माझं पाकीट मी खिशातच ठेवलं. भीती वाटते गं. हल्ली रोज झोप येतेय ताई, लहानपणी तुझ्या मांडीवर यायची तशी.

तुझा,
धाकटा

ता.क. पत्राचं खरं कारण हे, की ते पाकीट सोबत पाठवतोय. सांभाळून ठेव, उघडू नकोस. उघडलंस तर मला सांगू नकोस.

आणखी एक. पाकिटाची कड पुन्हा चिकटवल्यासारखी दिसेल. मी हात लावलेला नाही. ही म्हणते, तिनंही नाही. पण कालपासून मी दुखण्याचं काहीही बोललो की ही नुसती हसते, आणि आज जेवण होताच मला शिडीवर चढवून छत रंगवायला लावलंय. या चार ओळी तिथूनच लिहितोय. वरून घर फार छान दिसतं.