रांगेतला पहिला कागद

३ मार्च, सोमवार
वार्षिक सभा सोळा तारखेला. सेक्रेटरीचं पद रिकामं. मी त्यासाठी बोटसुद्धा हलवणार नाही. लोकांनी आपणहून यावं. माझ्या वतीने माझं काम बोलेल. काम म्हणजे जिन्यातल्या सूचना. आज क्रमांक ४६ लावली: ‘बेल एकदाच दाबावी. आतली माणसे बहिरी नाहीत.’

उभी हयात आवक-जावक विभागात गेली. साहेबांच्या बढतीचा कागद असो की शिपायाच्या रजेचा, ज्या क्रमाने आला त्याच क्रमाने पुढे गेला. मध्ये घुसायची कोणाची छाती झाली नाही. इमारतीला असाच माणूस हवा. कोण ते मी सांगणार नाही.

प्रिंटर तापला होता. यंत्र झालं म्हणून काय झालं. कॉम्प्युटरवर खिडक्या उघडता उघडता ‘पॉज’ सापडलं. टिक केली. घे म्हटलं जरा विश्रांती. उद्या टिक काढणे. लक्षात ठेवणे.

४ मार्च, मंगळवार
तळमजल्यावरच्या बाई आल्या होत्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, अजून इमारतीच्या आहेत. सोबत पेनड्राइव्ह. बाई आणि ही कॉम्प्युटरपाशी बसून हळू आवाजात टाइप करत होत्या. मी पाणी प्यायला गेलो तर दोघी गप्प. पुन्हा गेलो, पुन्हा गप्प. पोट डब्ब होईपर्यंत पाणी प्यायलो, एक शब्द कानावर आला नाही.

जाताना बाई म्हणाल्या, थोडी विश्रांती घ्या, एखादा दुसरा छंद लावून घ्या. माझी इतकी काळजी घरातसुद्धा कोणी करत नाही.

५ मार्च, बुधवार
सूचना ४७ छापायला दिली. (‘कुंड्यांना पाणी घालताना खालीही माणसे राहतात याचे भान ठेवावे.’) प्रिंटर हूं नाही की चूं नाही. पुन्हा दिली. मग थोड्या थोड्या वेळाने देत राहिलो. दिवा हिरवा आहे, कागद आहे, शाई आहे. नियत नाही.

वायर काढून लावली. उलटी लावून पाहिली, बसत नाही. शांतपणे एक थापट दिली. संताप बिलकुल करायचा नाही असं ठरवलं. नंतर आणखी एक दिली.

हिला विचारलं, तू काल काही छापलंस का? ही म्हणाली, छापायला दिलं होतं पण आलंच नाही, जाऊ दे. आणि घाईघाईने गॅसकडे गेली. गॅसवर काहीही नव्हतं.

६ मार्च, गुरुवार
मोठा शोध! कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात प्रिंटरचं बारीक चित्र असतं. त्यावर टिचकी मारली तर रांग दिसते. कोणता कागद कधी आला, कोणी पाठवला, सगळं क्रमाने. डोळे भरून आले. घरात आवक-जावक विभाग चालू होता आणि मला पत्ता नव्हता.

रांगेतला पहिला कागद: ‘रहिवाशांचे निवेदन, दुसरा मजला, अंतिम’. पाठवणार: ही. तारीख चार. त्याच्या मागे माझी ४७ क्रमांकाची सूचना एकवीस वेळा.

दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. समोरचा फ्लॅट बंद असतो. म्हणजे निवेदन माझ्याविषयी. रहिवाशांचं. सभेच्या तोंडावर. आता दोन अधिक दोन करायला काय लागतं? मी सेक्रेटरी व्हावं म्हणून इमारत मला गळ घालणार आहे! म्हणून ती कुजबुज. म्हणून परवा पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मला पाहून अर्ध्या जिन्यातून परत फिरले. संकोच, दुसरं काय. तेच सोसायटीचे अध्यक्ष. आधी कळू द्यायचं नसेल.

फाइल उघडून पाहता येत नाही, ती बाईंच्या पेनड्राइव्हवर आहे. आली असती तरी उघडली नसती. (शोधली. नाही.)

८ मार्च, शनिवार
इंटरनेटवर वाचन. छपाईची सगळी मदार ‘स्पूलर’ नावाच्या सेवेवर असते. ती कागद घेते, रांग लावते, एकेक पुढे सोडते. म्हणजे कारकून! कॉम्प्युटरच्या पोटात माझाच माणूस बसलाय. त्याला बंद करून पुन्हा चालू करायचं असतं. केलं. आला बिचारा परत कामावर, पण छपाई नाही. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. वरून कोणीतरी अडवलं असणार. असं आमच्याकडेही व्हायचं.

प्रिंटर पुसला. खिडकीपाशी हलवला, वारा लागेल. पुन्हा जागेवर आणला. कंबर धरली.

९ मार्च, रविवार
मेहुणा आला. त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं असा त्याच्या बहिणीचा समज आहे. म्हणाला, दाजी, सोपं आहे, सेवा बंद करायची, रांगेतले सगळे कागद उडवायचे, सेवा चालू करायची, पाच मिनिटांचं काम. मी म्हणालो, पहिला कागद उडवायचा नाही. तो म्हणाला, बहुतेक तोच अडकलाय. मी म्हणालो, अडकलेला कागद फाडून टाकणारा कारकून माझ्या हाताखाली एक दिवस टिकला नसता. त्याने बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, उडव रे तू. मी प्रिंटरसमोर खुर्ची टाकून बसलो. जेवणही तिथेच मागवलं. मेहुणा जेवून गेला. दोनदा वाढून घेतलं त्याने.

११ मार्च, मंगळवार
ही आज कधी नव्हे ते माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, तो कागद रद्द करा ना, आता त्याची गरज राहिलेली नाही, बाईसुद्धा तेच म्हणाल्या. मी विचारलं, गरज का नाही? म्हणाली, गेला आठवडाभर सगळं छान चाललंय, लोक खूश आहेत, आपोआप जमून येतंय तर कशाला कागद?

समजलो. माझं नाव इतकं पक्कं झालंय की लेखी विनंती करायचीही गरज नाही. मी मोठ्या मनाने म्हणालो, कागद हा कागद असतो, नोंद राहिली पाहिजे. ही डोक्याला हात लावून बसली. भारावली असावी.

१२ मार्च, बुधवार
जिन्यात डॉक्टर भेटले. आज परत फिरले नाहीत. उलट थांबले. प्रिंटर कसा आहे विचारलं. म्हटलं, बंदच आहे. म्हणाले, वा! मग सावरून म्हणाले, घाई करू नका. सभेला नक्की या म्हणाले. सेक्रेटरी व्हायला कोणी तयार होत नाहीये, तुमच्यासारखा रिकामा, म्हणजे अनुभवी, माणूस मिळाला तर बरं होईल. पाठीवर हात ठेवला. त्यांच्या दवाखान्याच्या दारावर मी लावलेली सूचना ३८ (‘पेशंटने ओरडणे आवाक्यात ठेवावे’) कोणीतरी काढून टाकली आहे. वारा असेल. घरी येऊन रांगेत पुन्हा पाठवली.

१४ मार्च, शुक्रवार
आभाराचं पत्रक तयार केलं. ‘आपण एकमुखाने दाखवलेल्या विश्वासाने मी संकोचलो आहे. तुमचा सेक्रेटरी.’ चाळीस प्रती रांगेत लावल्या. त्यामागे सूचना ४८ ते ६३. हा मौनीबाबा प्रिंटर कधी ना कधी बोलेल, तेव्हा तयारी नाही असं व्हायला नको.

निवेदनाला जोडायला सह्यांचा कागद हाताने आखला. अनुक्रमांक, नाव, मजला, सही. बाईंच्या हे लक्षात आलं नसणार.

१६ मार्च, रविवार. सकाळी
सभा दहाला. मनावर दगड ठेवून मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, दाजी, ‘पॉज’वर टिक नाही ना, बघा एकदा. माझा अपमान झाला. म्हटलं, मी काय दूधखुळा आहे? फोन ठेवून पाहिलं. टिक आहे. कोणी केली? व्हायरस असणार. काढली.

प्रिंटर खाकरला! शिंकला! पहिला कागद आला तो पालथा. मी सरळ केला नाही. स्वतःची स्तुती स्वतः वाचायची नसते. तसाच पाकिटात घातला, सह्यांचा कागद जोडला, वर आवक क्रमांक १ टाकला. प्रिंटर मागचं सावकाश छापतोय, छापू दे. कागदांचं नवं पाकीट फोडून ट्रे भरून ठेवलाय. निघालो. इस्त्रीचा शर्ट.

१६ मार्च. दुपारी
जसं घडलं तसं लिहितो.

डॉक्टरांनी विचारलं, सेक्रेटरी व्हायला कोण तयार आहे? कोणी मान वर करेना. मग डॉक्टर माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, माझ्या मनात एक नाव आहे. बाईंनीही मान हलवली. तिसऱ्या मजल्यावरचा कोणी म्हणाला, हरकत नाही, हल्ली ते बरे आहेत. मी नुसता गप्प बसलो असतो तरी झालं असतं.

मी उठलो. म्हणालो, नाव नंतर, क्रमाने चला, चार तारखेला आलेला कागद आधी घ्या. हिने माझी बाही ओढली. मी सोडवली. तिने पुन्हा ओढली, बटण तुटलं. पाकीट डॉक्टरांना दिलं. त्यांनी मनात वाचलं आणि म्हणाले, हे राहू द्या. मी म्हणालो, मोठ्याने वाचा. बाई म्हणाल्या, अहो, हा कागद आता जुना झाला. मी म्हणालो, जुना म्हणूनच त्याचा मान आधी.

त्यांनी वाचलं. ‘दुसऱ्या मजल्यावरील गृहस्थांच्या उत्साहाबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु जिन्यात आता भिंत दिसत नाही. पाहुणे सूचना वाचत उभे राहतात आणि वर चहा निवतो. दवाखान्यातले पेशंट दारावरचे वाचून परत जातात. तरी त्यांनी सूचना लावणे बंद करावे. तसेच त्यांस सेक्रेटरी करू नये, कारण मग सूचनांवर शिक्काही येईल.’

मला वाटलं, तेवढ्यावर संपेल. पण तिसरा मजला म्हणाला, मुद्दे तर बरोबर आहेत. आणि म्हणाला, अरे, सह्यांची सोयही केलेली आहे. रकानेसुद्धा आखलेत. पेन कोणाकडे आहे? पेन माझ्याच खिशात होतं. दिलं.

ओळीने सह्या झाल्या. कोणी रांग मोडली नाही. निवेदनाचा ठराव झाला, सेक्रेटरी बाई झाल्या.

घरी आलो तर खोलीभर आभार. प्रिंटर अजून छापतच होता. एकमुखाने, एकमुखाने, एकमुखाने. रद्दचं बटण दाबलं. ‘रद्द होत आहे’ असं आलं आणि आणखी एक आभार आला. वायर ओढली. मग जमिनीवर बसून पत्रकं गोळा केली. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, ते इथे लिहायला हरकत नाही.

ही येऊन गोळा करू लागली. म्हणाली, बाईंनी ‘छळ’ लिहिलं होतं, मी भांडून ‘उत्साह’ करून घेतलं. म्हणून ‘अंतिम’ व्हायला इतका वेळ लागला. मग बटण शिवून दिलं.

१७ मार्च, सोमवार
नव्या सेक्रेटरींचा निरोप. सभेचा ठराव ठळक अक्षरात छापून द्याल का, इमारतीत प्रिंटर तुमच्याकडेच आहे. म्हणजे शेवटी माझ्यावाचून अडतंच. लगेच बसलो. ‘सूचना क्र. ६४: जिन्यात कोणतीही सूचना लावू नये.’ वायर अजून लावली नव्हती, तरी छापायला दिली. रांगेत शेवटी गेली, पुढे उरलेले आभार आणि ४८ ते ६३. ही म्हणाली, पुढचे रद्द करा की. बराच वेळ विचार केला. उभी हयात, वगैरे. डोळे मिटून दाबलं. सगळंच रद्द झालं, ठरावासकट.

मग पुन्हा यंत्राच्या नादी न लागता एका आभाराच्या पाठीवर हाताने लिहिली. अक्षर अजून चांगलं आहे. गोंद लावून जिन्यात गेलो. बाई भेटल्या, काय लिहिलंय विचारलं. वाचून दाखवलं. छान आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, पण ही आता लावणार कुठे?

पहिल्या मजल्यापर्यंत जाऊन परत आलो. गोंद ओला होता, वाया कसा घालवायचा, म्हणून प्रिंटरवर लावली. ही म्हणाली, तिथे शोभते.

प्रिंटरचं झाकण आता उघडत नाही.