शिवणीपासून शिवणीपर्यंत

प्रिय बाईसाहेब,

एकाच घरात राहून बाप पत्र लिहितोय म्हणून आधी हसून घे. चार दिवस तोंडाने सांगायचा प्रयत्न केला, पण तू समोर आलीस की मी भाजीपासून हवेपर्यंत सगळं बोलतो आणि मुद्द्याचं तेवढं राहून जातं. आत्ता तू बाजारात गेली आहेस, तुझी लेक, आपली खारूताई, दुपारची झोपली आहे, तेवढ्यात उरकतो.

गुरुवारी गाडीचं मागचं दार उघडून तू म्हणालीस, "बाबा, सीटवर ही एवढीच जागा लख्ख कशी?" मी म्हणालो, दूध सांडलं होतं, पुसलं. तू लेकीला रागावलीस, गाडीत बाटली उघडायची नाही म्हणून कितीदा सांगितलंय, आणि कामाला लागलीस. तुझ्यासाठी विषय संपला. माझ्यासाठी नाही.

चाळीस वर्षं लॉन्ड्रीत लोकांचे डाग काढले. नवीन माणूस आला की त्याला पहिला धडा हाच द्यायचो, की नुसता डाग धुवायचा नाही. कापड शिवणीपासून शिवणीपर्यंत सारखं ओलं करायचं, नाहीतर डाग जातो आणि मागे स्वच्छ वर्तुळ उरतं, ते लांबूनही दिसतं. दुधाला गरम पाणी लावायचं नाही, घासायचं नाही, कडेकडून आत टिपत यायचं. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि मंगळवारी खारूताईला शाळेत सोडून आल्यावर मी काय केलं, तर कढत पाणी आणि कपड्यांचा ब्रश घेऊन तेवढाच डाग खसाखसा घासत बसलो. तू यायच्या आत तो नाहीसा व्हायला हवा होता, बाकी काही सुचत नव्हतं.

बुधवारी आंबट वास सुटला. काल तू ड्युटीवर असताना शेवटी रीतसर केलं. आधी सगळी धूळ ओढून काढली, गार पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण घालून आख्खी सीट या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत ओली केली, जुन्या टॉवेलांनी टिपली, सोडा भुरभुरून दोन तास ठेवला, मग चारही दारं उघडी टाकून वाळवली. आता सीट एकसारखी झाली आहे. तू भिंग लावलंस तरी काही सापडायचं नाही. ते बघूनच मला धडकी भरली.

कारण दूध खारूताईच्या हातून सांडलं नव्हतं. मंगळवारी पुलाच्या उतारावर मी कुठे होतो, ते मला माहीत नाही. डोळे उघडे होते म्हणते ती. "आजोबा, लाल! लाल!" असं ती किंचाळली, तेव्हा मी परत आलो आणि ब्रेकवर उभाच राहिलो; त्या धक्क्याने मागे तिची दुधाची बाटली सीटवर उपडी झाली. समोर एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडत होती. तिने आमच्या बॉनेटवर हात टेकला होता, जसं काही तिनेच गाडी थोपवली. मग हात काढून ढकलगाडी पुढे नेली. घरी आल्यावर सीटच्याही आधी मी तिच्या पंजाचा ठसा पुसला.

असं पहिल्यांदा झालेलं नाही. याआधी महिन्याभरात दोनदा झालं, एकदा चहा पिताना, एकदा बुटाची नाडी बांधताना. डुलकी लागली असेल म्हणून मीच माझी समजूत घातली. आणि एवढं होऊनही बुधवार, गुरुवार, शुक्रवार मीच तिला शाळेत नेलं. लाज वाटते लिहायला, पण नेलं.

आईला सांगायचं नाही, असं मी तिला बजावलं होतं. तिने विचारलं, "खोटं बोलायचं?" मी म्हणालो, खोटं नाही गं, नुसतं सांगायचं नाही. गुरुवारी तू रागावलीस तेव्हा तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सॉरी आई, माझ्याच हातून सांडलं." सहा वर्षांची पोर, पापणीसुद्धा लवली नाही तिची. आणि मी शेजारी उभा राहून ऐकून घेतलं.

उद्या सोमवार. तू सहाला निघशील, किल्ली खिळ्यावर असेल, ती मागे बसून स्वतःचा पट्टा स्वतः लावेल आणि मी गाडी चालू करेन. मला मी चांगला ओळखतो. तिच्याबरोबरची ती पंधरा मिनिटं हाच माझा आख्खा दिवस असतो, त्या लोभापायी मी पुन्हा नेईन. म्हणून दोन्ही किल्ल्या या पाकिटात घातल्या आहेत. तुझ्या सकाळच्या ड्युटीची अडचण होणार, हे मला कळतंय. माझ्यावर ओरड, डॉक्टरकडे ने, जे करायचं ते कर. पण किल्ली मी मागितली तरी देऊ नकोस. आणि त्याआधी आत जाऊन लेकीला उठव आणि दूध तिने सांडलं नव्हतं हे तिला तुझ्या तोंडून सांग. मी दारात उभा राहतो, मलाही तिची माफी मागायची आहे.

तुझाच, आजपासून मागच्या सीटवर बसणारा,
बाबा