पडण्याचं पहिलं बक्षीस

प्रिय मेव्हणेबुवांस,

सप्रेम नमस्कार. ‘इकडील सर्व क्षेम’ असं लिहायची पद्धत आहे, पण हॉस्पिटलच्या खाटेवरून ते लिहायला हात धजत नाही. तुमची कंबर कशी आहे? मला हृदयाचा झटका आला, आणि चांगला दणदणीत आला. (घाबरू नका, अक्षर माझंच आहे.) डॉक्टरांनी फोनवर बोलायला मनाई केली आहे. पत्राला केलेली नाही, कारण हल्ली कोणी पत्र लिहितं हेच त्यांना ठाऊक नसावं. नर्सबाई या कागदांचे फोटो काढून तुम्हाला पाठवतील.

तुम्हाला माहीतच आहे, कंपनीने मला कारखान्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या परिषदेला पाठवलं. समुद्रकिनारा, लख्ख ऊन, वर फुकटची टोपी. सभागृह थंडगार होतं, पण त्याचं मागचं दार कुलूपबंद निघालं. आता आपत्कालीन दार बंद असलेल्या खोलीत आमच्यातला एक तरी बसेल का? सगळे बाणेदारपणे बाहेर आलो आणि हिरवळीवर, भर दुपारी, कोट घालून, ‘उन्हापासून बचाव’ या विषयावरचं व्याख्यान ऐकत बसलो. वक्ता दमेना. माझा डावा हात जड झाला, छातीवर कुणी पोतं टाकावं तसं झालं आणि मी खुर्चीसकट आडवा झालो.

आमच्या धंद्याची एक खोड आहे. कुठेही चार सुरक्षा अधिकारी जमले की न सांगता मॉक ड्रिल होते. कुणीतरी मुद्दाम कोसळतो, बाकीचे धावतात आणि एकजण बाजूला उभा राहून मार्क देतो. त्यामुळे मी पडलो तेव्हा लोक कौतुकाने उठले. एकाने घड्याळ लावलं. शेजारच्या कारखान्यातला शिट्टी (गळ्यात सदा शिट्टी असते म्हणून हे नाव, आणि माझा जुना वैरी) माझ्या डोक्याशी उभा राहून नवशिक्यांना समजावू लागला, की रुग्णाचा हात छातीवर कसा आहे ते पाहा. मी सगळा जीव एकवटून म्हणालो, “अहो, खरंच दुखतंय!” त्यावर टाळ्या पडल्या. हे वाक्य प्रत्येक ड्रिलमध्ये म्हणायचं, असं मीच आजवर सगळ्यांना शिकवत आलोय. मरताना आपलंच शिक्षण असं आडवं येईल असं वाटलं नव्हतं.

शेवटी शिट्टी मार्क द्यायला वाकला आणि त्याला माझे ओठ निळे दिसले. मग मात्र तो असा किंचाळला की शिट्टी वाजवायचं भानही त्याला राहिलं नाही. त्यानेच मला उचललं, त्यानेच गाडीत छाती दाबली (एक बरगडी मोडली, पण वैर बघता एकच मोडली हे विशेष). अजून बाहेरच्या बाकावर बसून आहे. आत यायला लाजतो. आयोजकांना यातलं काहीच वेळेवर कळलं नाही, त्यामुळे समारोपात ‘सर्वोत्कृष्ट ड्रिल’चा चषक मला जाहीर झाला. तो आता माझ्या उशाशी आहे. नर्सबाई त्यात कापूस ठेवतात.

मुलांना आशीर्वाद.

आपला,
विजेता

ता. क. तुमच्या ताईंना यातलं अवाक्षर सांगू नका. परिषद लांबली, हवा मला मानवली, असं सांगा.

पुन्हा ता. क. उद्या छाती उघडणार आहेत. नात्यातल्या माणसाची सही लागते. शिट्टी द्यायला तयार आहे, पण तुम्हीच या.

शेवटचा ता. क. पहिला ता. क. खोडा. ताईंना सगळं सांगा आणि त्यांना घेऊनच या. डॉक्टरांना विचारलं, वाचेन ना? तर ते म्हणाले, आपण प्रयत्न करू, आणि खिडकीचा पडदा नीट करत बसले. मेव्हणेबुवा, मला फार भीती वाटतेय. ती खूप ओरडेल. ओरडू दे. मला भूल द्यायच्या आधी फक्त ती पोहोचू दे.