कीड न लागणारी चवळी

ती. आईस,
तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार.

आधी हेच सांगते, की मी आता बरी आहे, दोन घास जेवते आहे आणि माझ्याजवळ माणसं आहेत. बाबांचा गुडघा कसा आहे?

तुझ्या डब्यातल्या चवळीला भुंगा लागतो ना, त्याच्यावरच आमच्या प्रयोगशाळेत काम चाललंय. आम्ही तयार केलेल्या चवळीच्या दाण्यात मुद्दाम घातलेलं एक नवं प्रथिन असतं. ते भुंग्याच्या अळीला दाण्यातला पिठूळ भाग पचूच देत नाही. खाऊन खाऊनही ती उपाशी मरते.

परवा त्याच चवळीचं पीठ दळताना माझा घसा आवळला. श्वास आत जाईना. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी मला ओढत बाहेर नेलं. "बोलू नकोस, नुसती माझ्याकडे बघ," असं त्या म्हणत राहिल्या. इंजेक्शन दिल्यावर घसा मोकळा झाला. तुला लगेच कळवलं नाही, रागावू नकोस.

ही चवळी आता माणसांना खायला देऊन बघायची होती. "धुळीनं झालं असेल," आमचे प्रमुख सर म्हणाले. मी म्हटलं, "सर, आधी माझी तपासणी होऊ द्या, मग पुढे पाठवा." त्यांनी काम थांबवलंय.

मला त्याच प्रथिनाची ॲलर्जी आहे का, ते उद्या दवाखान्यात हातावर त्याचा थेंब ठेवून, सुईनं टोचून बघणार आहेत. डॉक्टर शेजारीच असतील. मीच हो म्हटलंय. पण आई, आता पाणी पितानाही माझा हात घशाकडे जातो.

तुझीच,
धाकटी