राहा म्हणायचं भेव

१ जुलै १९५९, बुधवार
शाळा उघडली. हजेरी २३. बाकीचे वावरात.
नव्या बाई आल्या. कुमुद. यवतमाळच्या, वय एकवीस. वडील पोहोचवायला आले होते, पोस्टात कारकून आहेत. एक ट्रंक, एक वळकटी. आमच्याच घराची पुढची खोली दिली. जाताना वडिलांनी हात जोडले. "गुरुजी, पोरगी तुमच्या हवाली." मी हो म्हणालो.  आधीच्या शिक्षकाच्या, वामनच्या बापाने याच अंगणात हेच शब्द म्हटले होते, दोन वर्षांपूर्वी.

६ जुलै, सोम.
तपासणी साहेबांचं पत्र. यंदा आजूबाजूच्या चार शाळांतले मास्तर सोडून गेले. आपल्याकडे दुसरा शिक्षक टिकला नाही तर चौथी बंद. मग पोरांनी नाला ओलांडून पलीकडच्या गावी जायचं. म्हणजे जाणारच नाहीत. मुली तर नाहीच नाही.
पत्राच्या शेवटी: सहकाऱ्याची उमेद वर्षभर टिकेल हे पाहणे मुख्याध्यापकाचे कर्तव्य आहे. त्याखाली साहेबांनी हाताने लिहिलंय, 'तुम्हाला माणसं सांभाळता येतात.'
कागद घडी करून ठेवला. पुन्हा उघडायची हिंमत झाली नाही.

१९ जुलै, रवि.
बाई कोलामांच्या पोडावर, त्यांच्या वस्तीवर, जाऊन आल्या. दीड मैल, सगळी झाडी. एकट्याच गेल्या! आल्या त्या सांगतच, उद्यापासून तीन मुली येणार. त्यातल्या लक्ष्मीला मराठी येत नाही, बाईंना कोलामी येत नाही. दोघी नुसत्या हसत होत्या म्हणे.
शाबासकी द्यायला हवी होती. त्याऐवजी मी, मच्छरदाणी नीट खोचा, ओल्या पायांनी बसू नका, पाणी उकळून प्या.
सौ. म्हणाली, "त्या पोरीले इतकं कायले भेववता?"
मीच भ्यायलो आहे, हे तिला कसं सांगू.

९ ऑगस्ट, रवि.
गावात थंडीतापाची साथ. पाटलांकडे दोघं पडले आहेत. औषध फवारणारे आले होते, अर्ध्या गावानं दारं लावून घेतली. "कोंबड्या मरतेत," म्हणे.
बाईंच्या डोळ्यांखाली काळं दिसलं. विचारलं, बरं आहे ना? "हो गुरुजी."
वामनही असंच म्हणायचा. हो गुरुजी.

१८ ऑगस्ट, मंगळ.
दुपारी चौथीचा वर्ग एकदम गप्प झाला. धावलो. बाई फळ्याला टेकून उभ्या, दात वाजतायत, खडू हातातच. मुलं टक लावून पाहतायत. लक्ष्मीनं आपल्या अंगावरचा फडका काढून त्यांच्या खांद्यावर टाकला होता.
पाटलांची बैलांची दमणी मागून मारेगावच्या दवाखान्यात नेलं. सौ. सोबत, डोकं तिच्या मांडीवर. रस्ताभर माझी नजर बाईंच्या छातीवर, श्वास चालला आहे ना. गाडीवान बोलत होता, मला एक शब्द कळला नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. गोळ्या दिल्या.
वेळेवर. हा शब्द डोक्यातून जात नाही.

२४ ऑगस्ट, सोम.
ताप उतरला. आज पेज घेतली. भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला विचारलं, "माझ्या आधी इथं कोण होतं, गुरुजी?"
"वामनगुरुजी. मग जागा रिकामीच होती."
"त्यांची बदली झाली का?"
मी म्हणालो, "गेले ते."
त्यांनी मान हलवली. बदलीच समजल्या. मी समजू दिलं.

३ सप्टेंबर, गुरु. पोळा.
गावात बैल सजले, तोरणाखाली गर्दी. मी शाळेत येऊन बसलो. लिहूनच टाकतो.
वामनने बदलीचा अर्ज याच दिवसांत दिला होता. १९५७. 'प्रकृती मानवत नाही.' मी तो पुढे पाठवलाच नाही. टेबलाच्या खणात ठेवला. वाटलं, पोरगा घराच्या आठवणीनं हळवा झालाय, दिवाळीपर्यंत रुळेल. चौथीही वाचेल. रोज त्याला म्हणायचो, राहा, मन खंबीर करा, मुलांकडे पाहा. तो राहिला. अश्विनात ताप डोक्यात चढला, तिसऱ्या दिवशी संपला. शेवटी मला ओळखतही नव्हता.
अर्ज मी चुलीत घातला. सौ.लासुद्धा ठाऊक नाही.
लोक म्हणाले, गुरुजींनी पोटच्या पोरासारखं केलं.

१२ सप्टें., शनि.
मारेगावला आसपासच्या गावांतल्या शिक्षकांची सभा. साहेबांनी मलाच बोलायला उभं केलं. विषय, वर्षभर उमेद कशी टिकवावी.  बोललो. रोज एका मुलाची प्रगती मनात नोंदवा, एकमेकांच्या घरी जात जा, दुखणं अंगावर काढू नका. टाळ्या पडल्या.
नंतर एक तरुण मास्तर जवळ आला. मिसरूड नुकतं फुटलेलं. माझा हात धरून म्हणाला, "मी उद्या सोडून जाणार होतो, गुरुजी. आता नाही जात."
विचारायचं होतं, तुमच्या गावात ताप आहे का?  तो सायकलवर बसून निघूनही गेला. गावाचं नावही विचारलं नाही मी.

२१ सप्टें., सोम.
बाईंना पुन्हा ताप, पण हलका. शाळा सुटल्यावर टेबलापाशी आल्या, कागद ठेवला. बदलीचा अर्ज. "रागावू नका गुरुजी. मुलींसाठी जीव तुटतो, पण मला भीती वाटते."
मी म्हणालो, "ठेवा." 
खण उघडा होता. मी तो ढकलून बंद केला. कागद सदऱ्याच्या खिशात घातला.

२२ सप्टें., मंगळ.
सकाळीच शाळेवर पाटलांच्या थोरल्याला बसवलं, मारेगावला निघालो. नाल्याला कमरेइतकं पाणी. अर्ज टोपीत, टोपी डोक्यावर घट्ट. मधोमध पाय सरकला. आपण बुडू याचं भेव नव्हतं. कागद भिजला तर आपण परत जाऊन खणात ठेवू, याचं भेव वाटलं.
रजिस्टर करून टाकला. पावती बाईंच्या हातात दिली. त्या माझ्या ओल्या धोतराकडे पाहत राहिल्या.

२७ सप्टें., रवि.
आज सांगितलं. सौ. तांदूळ निवडत होती, बाई तिच्याजवळ. मी दारातच उभा राहिलो आणि सुरुवातीपासून सांगत गेलो. वामन कुठं गेला तेही. सौ.चा हात सुपात तसाच राहिला.
बाई उठून उभ्या राहिल्या. मग, "तो अर्ज कुठं आहे?"
"जाळला."
"आणि मले पहिल्या दिवशी काहून नाही सांगितलं?"
"तुम्ही गेल्या असत्या."
"मंग? जाणं माह्या हाती होतं ना!" आवाज चिरकला त्यांचा. शाळेतली शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. मग हळू म्हणाल्या, "त्यांच्या वडिलांना माहीत आहे?"
"नाही."
"मग हे त्यांना सांगायला हवं, गुरुजी. मला नाही."
खोलीत गेल्या, दार लावलं. सौ.नं जेवायला वाढलं तेवढंच.

१५ ऑक्टोबर, गुरु.
बदली मंजूर. दिवाळीनंतर, २५ नोव्हेंबरच्या आत यवतमाळजवळच्या शाळेत हजर व्हायचं. नको असल्यास तत्पूर्वी कळवावे. इथं बदली शिक्षक? त्याबद्दल अवाक्षर नाही.
वामनच्या वडिलांना पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. पाचव्यांदा फक्त काय केलं तेवढंच लिहिलं, क्षमा मागितली नाही. मागायला तोंड कुठं. मारेगावच्या पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज आला आणि वाटलं हात घालून काढावं.
आता रोज टपालवाल्याची घंटा ऐकली की शिकवणं थांबतं. ते येतील? तक्रार करतील? की काहीच नाही? काहीच नाही, हे सगळ्यात वाईट.
बाई आता बोलतात, कामापुरतं. मुलींना मात्र दिवाळीसाठी गाणं शिकवत होत्या. लक्ष्मी चाल धरते, शब्द आपलेच घालते.

१८ नोव्हेंबर, बुध.
सुटी संपली. पत्राचं उत्तर नाही.
साडेदहाला शाळेसमोर बैलगाडी थांबली. बाई उतरल्या. वडीलही. ट्रंक गाडीतच. मला वाटलं, निरोप घ्यायला आल्या. वडील मला नमस्कार करून म्हणाले, "तिचं ठरत नाही. म्हणे एकदा वर्ग पाहून येते. मी जबरदस्ती नाही करणार." त्यांना सगळं माहीत आहे, हे डोळ्यांवरून कळलं. तरी आवाज साधा होता.
बाई माझ्यापुढे उभ्या राहिल्या. हडकल्या आहेत. "गुरुजी, तुम्ही काहीच नाही म्हणत?"
राहा, हा शब्द अगदी ओठापर्यंत आला. जा, हाही आला. दोन्हींचं तितकंच भेव वाटलं. पोडावर अजून तिघांना ताप आहे, हे सांगितलं. डॉक्टर दर बुधवारी येणार आहेत, तेही सांगितलं. मग म्हणालो, "चौथीची पोरं आत बसली आहेत. पोडावरच्या तिघीही."
 त्या टेबलावरची हजेरी उचलून आत गेल्या.
आता अकरा वाजले. आतून त्यांचा आवाज येतो आहे, एकेकाचं नाव घेतायत. वडील लिंबाखाली बसलेत. गाडीवानाने बैलांना कडबा टाकला आहे, पण जुवातून सोडलेलं नाही.